जैनीबाईची ढेकी आणि माझी टाच

धप्प. मग लाकडाची एक लांब कुरकुर. मग पुन्हा धप्प. सकाळी डोळे मिटून पडलो की हा आवाज अजून कानाशी येतो. आता ऐंशी उलटली, पण हा आवाज विशीतला आहे, आलापल्लीचा.

आमचं घर मूलला, भाताच्या गिरणीजवळ. मला जंगलात नाकेदार व्हायचं होतं, म्हणजे वनरक्षक. भरतीत धावून दाखवावं लागे, म्हणून रोज पहाटे अनवाणी धावत होतो. त्या धावण्यात टाचेमागची शीर दुखावली. सकाळी पहिलं पाऊल टेकताना तिथे कोणी चिमटा घेतोय असं वाटे. चांद्याच्या (तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणायचो) डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, धावणं बंद, पण खाटेवर पडायचं नाही. पडलास तर शीर आखडेल. भरतीला दोन महिने होते. आलापल्लीच्या लाकूड आगारात कारकून असलेले माझे मामा सुट्टीवर आले होते, ते म्हणाले, "चाल माह्यासंगं. घरी राह्यला तं तू लपून धावशीन."

जायचं असेल तर तुम्हीही थंडीतच जा. आता मूलहून एसटी थेट गडचिरोलीत सोडते. तेव्हा आम्ही वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. पाण्यावर धुकं होतं, आणि मला शाळेतल्या कवितेतली नदी आठवून उगाच भरून आलं. मामा म्हणाले, पाय आत घे, ओला होईल. गडचिरोलीत गरम भात आणि जवसाची चटणी खाल्ली. पुढे चामोर्शी, आष्टी करत लाकडाच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून गेलो. ड्रायव्हरनं भाडं घेतलं नाही, आमच्या डब्यातला चिवडा मात्र संपवला.

आलापल्लीचा साग मी मान मागे टाकून पाहिला. एवढी उंच, एवढी सरळ झाडं, जणू प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं. रस्ता सपाट, मऊ, धावायलाच केलेला. मला मात्र आगारापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं, एवढीच मुभा.

मामांच्या खोलीशेजारी जैनीबाई राहायची. पन्नाशीची गोंड बाई, एकटीच. आपल्या लोकांशी गोंडीत बोलायची, आमच्याशी आमच्या झाडीबोलीत. चौथ्या दिवशी तिनं मला, शीर आखडू नये म्हणून, पायरीवर उभा राहून टाच वर-खाली करताना पाहिलं. बराच वेळ हसली आणि म्हणाली, एवढीच हौस असेल तर माझं भात तरी कांड.

ढेकी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांब जड लाकूड, मधे टेकू. शेपटीवर पाय दाबला की पुढचं मुसळ वर उचललं जातं. पाय सोडला की खालच्या खळग्यातल्या भातावर आदळतं. मुसळ वर असतं तेवढ्यात समोर बसलेलं माणूस खळग्यात हात घालून भात हलवतं. म्हणजे त्याचा हात तुमच्या पायाच्या भरवशावर असतो.

पहिल्या दिवशी वीसच वेळा. मग चाळीस. ताल चुकू नये म्हणून मी शाळेत घोकलेलं भुजंगप्रयात मनात म्हणू लागलो: लगागा, लगागा. 'ल'ला दाबायचं, पहिल्या 'गा'ला धरायचं, दुसऱ्याला सोडायचं. दुखऱ्या शिरेत हळूहळू ऊब येऊ लागली.

बाराव्या दिवशी मी चुकलो. संध्याकाळी त्या मऊ रस्त्यावर कोणी नव्हतं. जेमतेम फर्लांगभर धावलो असेन, टाचेत कळ आली. कोणाला बोललो नाही. सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ढेकीवर उभा राहिलो. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच शीर झोंबली, पाय घसरला आणि मुसळ तिच्या उजव्या हातावर आलं.

ती ओरडली नाही. हात पोटाशी धरून बसली. दोन बोटं सुजली, एक नख काळं पडलं. मी रडू लागलो. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं.

"काल धावला ना तू?"

मी मान हलवली.

"सांगाचं होतं. मी हात नसता घातला."

तिनं पाला वाटून बोटांना बांधला, मामांनाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी मी खोलीतच तोंड लपवून बसलो, तर बाहेरून हाक आली. "चाल भाच्या. उजवा हात दुखून राह्यला, डावा तं आहे ना." मी उभा राहिलो. खळग्यात हात घालण्याआधी तिनं विचारलं, "दुखते का? खरं सांग."

त्यानंतर रोज ती हे विचारायची, आणि रोज मी खरं सांगायचो. 'थोडं' म्हटलं की वीस, 'नाही' म्हटलं की साठ. टाच दुखावलेल्यांनी विचारलं तर माझ्याकडे एवढंच औषध आहे.

महिन्याभरानं परतलो. त्या वर्षी मी भरतीत धावलो नाही. पुढच्या वर्षी धावलो, निवडला गेलो आणि तीस वर्षं त्याच सागाखाली चाललो. तिथल्या कितीतरी वाटा आता विसरलोय. ती धप्प मात्र गेली नाही.

पण त्या पहिल्या वर्षी, भरतीच्या सकाळी, मी निघालोच होतो. टाच सकाळी अजून धरत होती आणि घरी सगळ्यांना मी "एकदम बरा आहे" सांगून ठेवलं होतं. आईनं दही हातावर घातलं, वडील छत्री घेऊन तयार. तेवढ्यात कडी वाजली.

दारात जैनीबाई. मामांकडून पत्ता घेऊन, लाकडाच्या ट्रकवर बसून, आयुष्यात पहिल्यांदा नदी ओलांडून आलेली. काखेत आम्ही कांडलेल्या तांदळाचं गाठोडं. तिनं उजवा हात पुढे केला. काळं नख अर्धं गळून खालून नवं आलं होतं.

"बरा झाला हात, पाहून घे. तुया जीवाले लागलं होतं ना, म्हून दाखवाले आली."

मग तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"दुखते का? खरं सांग."

आई-वडील मागे उभे होते. मी म्हणालो, "दुखते, बाई."