खुब्यावरची पट्टी

आबा, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी म्हशीमार्फत बोलायचे. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, ही जुनी रीत. ओट्यावर बसून आबा म्हशीला विचारायचे, "व माय, तुले चारा भेटी गया, माले चहा भेटी का?" की मी आतून कप पुढे सरकवायची. जेवण आवडलं तरी कौतुक म्हशीचंच: "आज कळण्यानी भाकर बेस व्हयनी." मीही काही कमी नव्हते. डोक्यावर पदर ओढून, दाराआडून, त्याच म्हशीला उत्तर द्यायची. सासूबाई गेल्यावरही आमचं घर असंच चाललं होतं आणि, खोटं कशाला सांगू, दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

मागच्या हिवाळ्यात आबा गोठ्यात घसरून पडले. धुळ्याला ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला. त्यांना साखर आहे, हे तिथेच कळलं. टाके काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं की साखर वाढली तर जखमेत जंतू माजतात, तंबाखूने जखम भरत नाही, आणि पट्टी काढून रोज कोणीतरी बघायचं. जरा जरी पाणी सुटलं तर त्याच दिवशी घेऊन यायचं.

आबांनी तंबाखूची डबी आपल्या हाताने उकिरड्यावर फेकली. मी गूळ कुलपात ठेवला. राहिलं ते जखम बघण्याचं. माझा नवरा सुरतेला कारखान्यात, त्याची रजा संपली. आणि खुब्यावरची जखम बघायची म्हणजे धोतर बाजूला करणं आलं. ते सुनेने करायचं? मी रोज सकाळी दाराआडून विचारायची, पट्टी कोरडी आहे ना? आतून यायचं, "बठ्ठं बरं शे." माझा जीव भांड्यात पडायचा. जखम बरी असल्याचा आनंद नव्हता तो, आपल्याला बघावं लागलं नाही याचा होता.

मग आबा वॉकर धरून न्हाणीत जायला लागले, आपलं धोतर आपणच धुवायला लागले. मला वाटलं, चला, माणूस हिंडाफिरायला लागला. खोलीत वास यायला लागला, तेव्हा मी उदबत्ती लावली. हो, उदबत्तीच लावली. लाज वाटते सांगायला, पण आत जाऊन पांघरूण उचलायचं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

आबा तापाने फणफणले तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना धुळ्याला नेलं. पट्टीखाली जुन्या धोतराच्या चिंध्या निघाल्या, ओल्या झालेल्या. पू पार गोळ्यापर्यंत उतरला होता. नवा घातलेला गोळा काढून टाकावा लागला. घरी जखम कोण बघत होतं, असं डॉक्टरांनी मला विचारलं.

"तिले काही बोलू नका साहेब," आबा म्हणाले, "मीच देखू दिन्हं नही."

त्यानंतर आबा उभे राहिलेच नाहीत. उन्हाळा संपायच्या आत गेले. पण शेवटचे ते महिने पट्टी मीच बदलली. पहिल्या दिवशी आबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. काम निम्मं झाल्यावर, तोंड तिकडेच ठेवून, पण म्हशीला नाही, मला, त्यांनी विचारलं, "तुना बापना गुडघानं ऑपरेशन व्हयनं, तवय त्यासनी पट्टी कोन बदले?"

बोदवडला माहेरी मी महिनाभर राहिले होते, वडिलांची जखम रोज डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"मीच," मी म्हटलं.

मी पट्टी बांधली आणि धोतर नीट केलं.