खडूची खूण

बायको चाकणजवळच्या झेडपी शाळेत शिकवते. तिथली पाण्याची टाकी मी दिली, नळांखाली माझ्या नावाची संगमरवरी पाटीही लावली. पण घरी कौतुक कोणाचं, तर गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की शाळेत फुकट राबायला येणाऱ्या एका फिटरचं!

परवा त्याने पहिलीतली सगळ्यात बुटकी पोरगी टाकीपाशी उभी केली, तिच्या हाताला येईल तिथे खडूने खूण केली आणि नळ खाली घ्यायला लागला.

“टेप नाही का?” मी खवचटपणे विचारलं.

“टेपला तहान लागत न्हाई, साहेब.”

बायको खळखळून हसली. माझ्या विनोदांना कधी हसते?

खूण नेमकी माझ्या पाटीवर आली होती. त्याने पाटी अलगद काढली, शर्टाने पुसली आणि पार वर बसवली. आता खाली पोरं पाणी पितात, आणि वरचं नाव वाचायला मी एकटाच.