दम्मामला पाहिलेला नॉर्थ कॅरोलिनाचा रंग

माझी मैत्रीण वर्षा हिचा दम्मामहून फोन आला : "निकाल बघायला या. मासे करते." २००८चा नोव्हेंबर, अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक. माझ्या नवऱ्याने, सुहासने, बुधवारची रजा टाकली आणि मंगळवारी दुपारी आम्ही रियाधहून दम्मामची गाडी धरली.

जाणाऱ्यांसाठी : सौदीत ही एकच प्रवासी रेल्वे. दुसऱ्या वर्गाचं तिकीट साठ रियाल. तिकीट काढताना इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दाखवावा लागतो. कुटुंबांचा डबा वेगळा असतो. चार-साडेचार तास वाळू, मध्येच हुफूफचा खजुरांचा हिरवा पट्टा, पुन्हा वाळू. चहा गाडीत मिळतो, पण बरोबर नेलेला बरा.

वर्षा आणि मी वसतिगृहात एका खोलीत होतो. वर्तमानपत्र मी वाचायचे, ती शब्दकोडं सोडवायची. मग ती अमेरिकेला गेली, नागरिक झाली आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली. माझी आणि सुहासची नावं मात्र, इथे राहत असल्यामुळे, गावच्या मतदारयादीतून केव्हाच गेली होती.

स्टेशनवर अविनाश, तिचा नवरा, न्यायला आला होता. त्यांच्या कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या भिंतबंद वसाहतीच्या, फाटकाशी वर्षा उभी होती. भिंतीच्या आत बायकांनी गाडी चालवलेली चालते, बाहेर बंदी. तिने त्याला चालकाच्या सीटवरून उठवलं आणि घरापर्यंतचं शे-दोनशे मीटर अंतर स्वतः चालवलं. मी मागच्या सीटवरून तिचे हात बघत होते.

जेवायला हमूर मासा होता, कोकणी पद्धतीने रव्यात तळलेला. मी विचारलं, "मत पाठवलंस?"

"कोणीच नाही पाठवलं. हा लाल, मी निळी. दोघांची मतं एकमेकांना खातात. मग पोस्टाच्या रांगेत कशाला उभं राहायचं?"

लाल म्हणजे परंपरावादी, निळे उदारमतवादी. त्यांचं राज्य नॉर्थ कॅरोलिना, बरीच वर्षं लाल. यंदा ते हलतंय असं मी वाचलं होतं.

"मला द्यायची होतीत मतपत्रिका," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही आधी कफीलकडून सुटा," अविनाश म्हणाला. कफील म्हणजे आमचा सौदी हमीदार; त्याच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नाही. सगळे हसले. मीही हसले. मग ताटातले काटे वेचत बसले.

सकाळी सात वाजता निकाल लागला. तो देश पुन्हा कुशीवर वळला होता. आठ वर्षं एका कुशीवर, आता दुसऱ्या. नवा अध्यक्ष बोलायला उभा राहिला तेव्हा अविनाशने चष्मा काढून पुसला.

"रडतोस काय? तुझा हरला म्हणून?" वर्षाने विचारलं.

"माझा नाही हरला."

"म्हणजे?"

"मी यंदा निळं करणार होतो."

"कधीपासून?"

"बँका बुडाल्या तेव्हापासून. खरं तर इराकच्या युद्धापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू पुढची आठ वर्षं ऐकवलं असतंस."

पडद्यावर नकाशा रंगला होता. नॉर्थ कॅरोलिना अजून पांढरी होती; तिथली मोजणी अटीतटीची चालली होती. वर्षा कप धुवायला गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

मला तिची दया यायला हवी होती. मला हेवा वाटला. मन बदलण्याचा, बदललेलं मन मोजलं जाण्याचा. वाया गेलेल्या त्या दोन मतांचासुद्धा. वाया घालवायला आधी हातात असावं लागतं.

संध्याकाळी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, गेलो. समुद्र छान आहे, फुकट आहे. आम्ही चौघं शेजारी बसून चारीकडे बघत राहिलो.

गुरुवारी परतीच्या गाडीत हुफूफ मागे पडल्यावर मी सुहासला विचारलं, "आपलं नाव यादीत असतं तर कोणाला दिलं असतंस?"

"नाही ना पण."

"असतं तर."

त्याने सांगितलं. अकरा वर्षांच्या संसारात मी गृहीत धरलेला तो पक्ष नव्हता.

"आणि तू हे मला आज सांगतोस?"

"तू आज विचारलंस."

रियाध येईपर्यंत आम्ही भांडलो. पुढच्या सीटवरच्या बाईने दोनदा वळून बघितलं.

शनिवारच्या पेपरात नॉर्थ कॅरोलिना निळी होती, अगदी थोडक्या मतांनी. मी वर्षाला फोन लावला.

"वाचलं," ती म्हणाली. "सुटलो बाई. पुढच्या खेपेला ह्याला आधी विचारते."

पुढच्या खेपेला. 'पुढच्या दिवाळीला' म्हणावं तसं म्हणाली ती.

त्या प्रवासातून खजुराचा एक डबा आणि एक भांडण घरी आलं. खजूर संपले. भांडण मी जपून वापरते आहे. आमच्या घरात मोजली जाण्यासारखी मतं सध्या तेवढ्यातच आहेत, आणि मोजणारे आम्ही दोघंच.