दाजींची डावी सँडल

माझी डावी टाच ही आमच्या घरातली सगळ्यात नाजूक व्यक्ती आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा टोचल्यासारखं होतं, आणि माझ्या ओरडण्यामुळे शेजाऱ्यांना गजर लावावा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, मऊ तळाच्या सँडल वापरा आणि अनवाणी फिरू नका. त्यांना सांगायला काय जातं!

तशा सँडल शोधताना मी मेनरोड आणि शालिमार भागातल्या दुकानदारांचा भरपूर अंत पाहिला. सँडल घालून मी दुकानाबाहेर पडायचो, रस्ता ओलांडायचो आणि परत यायचो. एकाने तर माझे जुने बूट ओलीस ठेवूनच मला बाहेर सोडलं. कुठे अंगठा दुखायचा, कुठे बेल्ट करकचायचा. बायको, म्हणजे सुनंदा, फक्त रंग बघायची. तिला पँटला शोभणारी जोडी हवी होती आणि मला टाचेला सोसणारी. शेवटी एक तपकिरी, रुंद, बेढब जोडी सापडली. ती पायात घातली आणि टाच गप्प बसली.

त्या जोडीची मी जितकी निगा राखली तितकी स्वतःच्या दातांची राखली नाही. (दातांचा ब्रश जरा जुना झाला की तो तिलाच मिळायचा.) दर रविवारी तिला घासायचं आणि सावलीत वाळवायचं, कारण उन्हात तळ सुटतो. बेल्ट तुटला, शिवून घेतला. तळ उघडला, चिकटवून घेतला. पुढे तिचा मूळ रंग कुणालाच आठवेना, पण आत माझ्या टाचेच्या मापाचा असा काही खळगा पडला होता की विचारू नका. असा खळगा विकत मिळत नाही हो, तो वर्षानुवर्षं चालून घडवावा लागतो! सुनंदाने एकदा ती जोडी गुपचूप घंटागाडीत टाकली. मी बनियनवर पुढच्या चौकापर्यंत धावत जाऊन ती परत आणली. सोसायटीने तो सोहळा बाल्कनीतून पाहिला.

मग माझा मेव्हणा भाऊसाहेब याने नवा ट्रॅक्टर घेतला आणि पूजेला आम्हाला निफाडजवळच्या मळ्यावर बोलावलं. निघताना सुनंदा म्हणाली, आज तरी बूट घाला. मी ऐकलं नाही. मळ्यावर सगळ्यांनी भिंतीकडेला पायताणं काढली, तिथेच मीही काढली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, शिरा वाटला. आता जेवून घरी जायचं एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात सासूबाईंना आठवलं की नजर लागू नये म्हणून ट्रॅक्टरमागे जुनी चप्पल टांगायची राहिली. चप्पल जेवढी टाकाऊ तेवढी ती गुणकारी, असा तिकडचा हिशेब. त्या लगबगीने भिंतीकडे गेल्या आणि दोन बोटांत काहीतरी धरून आल्या. ती माझी डावी सँडल होती!

भाऊसाहेबाने ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "हिच्याकडं बघून नजर सोताच आंधळी व्हईल," तो म्हणाला. सगळा मांडव हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार? एका बाजूला सासरचा मान आणि दुसऱ्या बाजूला टाच. शेजारच्या पाहुण्याने विचारलं, कुणाची असंल वो? मी म्हणालो, कुणीतरी टाकून दिली असेल. "टाकायलाबी लय उशीर केला," पाहुणा म्हणाला.

भाऊसाहेबाने पक्कड घेऊन सँडल तारेने ट्रॅक्टरच्या मागे आवळली. मी ठरवलं, पंगत बसली की हळूच सोडवायची. मंडळी जेवायला वळली तसा मी उजवी सँडल पायात घालून ट्रॅक्टरमागे गेलो आणि तारेचा एक पीळ उलगडला. दुसऱ्याला हात घातला आणि ट्रॅक्टर सुरू झाला. भाऊसाहेब मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. माझ्या हातात सँडलचा बेल्ट होता आणि तो सोडायला मन होईना. म्हणून मी धावलो! एक पाय सँडलमध्ये, दुसरा खडीवर, टाचेची बोंबाबोंब, आणि पुढे ट्रॅक्टरवर लावलेला बँडबाजा. वाटेतल्या लोकांना हा पूजेचाच भाग वाटला असावा, कारण एका आजोबांनी मला हात जोडले.

देवळापाशी भाऊसाहेब खाली उतरला. त्याने ट्रॅक्टरची सँडल पाहिली, माझ्या पायातली पाहिली, आणि परत ट्रॅक्टरची पाहिली.

"दाजी, तुमची हाय का ही?"

मी मान डोलावली. बोलायला श्वास कुठे होता! तो बिचारा फार ओशाळला. "पण आता कशी सोडू, दाजी? एकदा बांधली की सोडत नसत्यात. आई जेवायची नाय."

सासूबाईंनीही खूप वाईट वाटून घेतलं आणि सासऱ्यांचे न वापरलेले टोकदार बूट मला आग्रहाने दिले. परतताना मी सुनंदाला म्हणालो, तुझ्या आईने घेण्याआधी कुणाला विचारायचं तरी!

"विचारलं ना. मीच म्हटलं, घे." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तुम्ही घंटागाडीमागे धावता हे माहीत होतं. ट्रॅक्टरमागेही धावाल असं वाटलं नव्हतं."

उजवी सँडल मी अजून जपून ठेवली होती. रविवारी घासायचो, सावलीत वाळवायचो. दुकानं पालथी घालून नवी जोडीही आणली, पण टाचेने तिला अजून घरात घेतलेलं नाही. मध्यंतरी भाऊसाहेबाचा फोन आला. ट्रॅक्टरला साधा ओरखडा नाही, द्राक्षं मस्त आली, आणि सगळं श्रेय माझ्या सँडलला.

"दाजी, आता पिकअप घेतोय," तो अदबीने म्हणाला. "उजवी हाय ना अजून?"

मी स्वतः जाऊन दिली. तिला तारेने बांधताना पाहिलं, पिकअप धूळ उडवत गेला, आणि मी जागचा हललो नाही. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, जावईबापू आता समजूतदार झाले. मी नम्रपणे हसलो. खरं म्हणजे मी धावणारच होतो, पण पायातल्या नव्या सँडल फार चावत होत्या.