मालनची चोरओटी

दुपारचं जेवण झालं की मी नुसती आडवी होते, झोपत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. सांगायला तसं घरात कुणी नाही, म्हणून पंख्याला सांगते. टेबलपंखा इकडून तिकडं मान हलवत नाही-नाही म्हणतो. त्यालाही पटलेलं नाही.

डोळे मिटलेत की उघडे आहेत हे ठरायच्या आत उशामागच्या भिंतीवर टकटक होते. पलीकडून आवाज येतो.

"द्वारके, भोंगा झाला का?"

या भिंतीपलीकडं बँकेचं एटीएम आहे. एटीएम मला द्वारके म्हणत नाही. मला द्वारके म्हणणारी आणि भोंग्याची चौकशी करणारी जगात एकच बाई होती, मालन. आणि मालनचे दिवस घालून अजून तीन महिनेही झालेले नाहीत.

भोंग्याचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल कारखान्याचा भोंगा. कारखाना होताच. साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून. दोघीही नव्या, आणि एकाच हंगामात दोघींना दिवस गेले. ऊस गाळला जातो तेव्हा मळीचा जो वास सुटतो, तो एरवीसुद्धा माणसाला नको करतो. आम्ही तर सकाळी उठल्या उठल्या आपापल्या मोरीवर. आणि बोलायचं कुणाला नाही, तीन महिने होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, अशी दोन्ही सासवांची ताकीद. म्हणून उलटीचं नाव आम्ही भोंगा ठेवलं. मालन भिंतीवर टकटक करायची, "भोंगा झाला का?" मी म्हणायची, "दोनदा. दुसऱ्या पाळीचे कामगार आले बघ."

तिची गोष्ट माझ्यापेक्षा अवघड होती. तिचं आधी दोनदा टिकलं नव्हतं. शिंक आली तरी ती पोटाला हात लावायची. मग मी तिला काहीबाही सांगायची. आमच्या गावच्या एका बाईनं डोहाळ्यात इतकी चिंच खाल्ली की पोर मिशीसकट जन्मलं आणि आल्या आल्या दाढीला गरम पाणी मागायला लागलं. मालन हसत म्हणायची, "खोटं." हसताना ती पोटावरचा हात काढायची, तेवढंच माझं काम.

तर आता मी भिंतीला कान लावते. भिंत ओलसर लागते, मळून ठेवलेल्या कणकेसारखी मऊ. कान पलीकडं निघतो. कानामागून मी.

मालन मोरीच्या कट्ट्यावर बसलेली आहे. तेव्हाची मालन, पदराला हळदीचे डाग, दंडावर काळा दोरा. मी मात्र आत्ताची आहे, गुडघ्यांसकट.

ती मला वरपासून खालपर्यंत बघते. "म्हातारी झालीस की गं."

"आणि तू मेलीस."

"हां, ते झालं." ती जरा सरकते. "बस. तुला एक सांगायचंय. मला दिवस गेलेत."

"गेले कुठले, घातले. तुझ्या थोरल्यानं बुंदी केली होती. कच्ची होती, पण बोलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय."

"अगं ते नव्हे." मालन आवाज खाली आणते. "तसले दिवस. मेल्यावरही पहिले महिने असेच असतात, कुणी सांगितलं नव्हतं मला. धरतंय का नाही, कळत नाही. सकाळी उठवत नाही, वास सोसत नाही. जरा घरचं कुणी मोठ्यानं रडलं की वाटतं, गेलं, सुटलं आता."

"काय सुटलं?"

"मरण गं. नीट धरायला नको का? कुणाला बोलू नकोस. तिसरा चाललाय."

मी हसणार असते, पण तिचा हात पोटावर आहे. तोच हात, तसाच. त्यामुळं मी हसत नाही.

मोरीचं पाणी वाहत जातं ते दवाखान्याच्या फरशीवर. कॉलनीचाच दवाखाना, भिंतीला तोच फिका निळा रंग. पण बाक लांब झालाय. दारातून बाहेर पडलाय, रस्ता ओलांडलाय, उसाच्या फडातून पार दिसेनासा झालाय. सगळ्या बाकावर बायका. कुणी तरण्या, कुणी माझ्याहून थकलेल्या, सगळ्यांचा एकेक हात पोटावर.

"मला उदबत्तीच सोसत नाही बघा," नऊवारीतली एक म्हणते. "आणि सून सकाळ-संध्याकाळ फोटोपुढं लावते. कसं सांगायचं तिला?"

"ओवा धर दाढेखाली," शेजारची सांगते. "मला पहिल्या महिन्यात तसंच होतं. हलकं होतं नंतर."

"आमचे हे रडायला लागले की मला मळमळतं," तिसरी म्हणते. "आणि थांबले की बरं वाटतं. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटतं."

"ते सगळ्यांनाच होतं. जड काही उचलू नका फक्त. आठवणीबिठवणी बाकाखाली ठेवून द्या."

कुणी कुणाच्या पाठीमागं उशी सारतं. कुणी तांब्या पुढं करतं. मी उभीच आहे, तेवढ्यात नऊवारीवाली माझ्याकडं न बघताच सरकते आणि हातानं बाक पुसते. "टेक बाई."

मी टेकते. बाक उबदार आहे. माझ्यासाठी कुणी सरकून जागा केल्याला किती काळ लोटला, मला सांगता यायचं नाही. घरी काय, जागाच जागा आहे.

आतून सिस्टर येते, दारात उभी राहून एक नाव घेते. एक बाई भरला पदर दोन्ही हातांनी सावरत उठते आणि आत जाते. बाकावरच्या बायका तिच्याकडं बघतात, जशा कुणाचं सुखरूप झालं की बघतात.

"बघितलंस?" मालन म्हणते. "ओटी भरलेली लागते. चोरओटी झाल्याबिगर नाव घेत नाहीत."

तिसऱ्या महिन्यात आईनं गुपचूप भरायची ती चोरओटी. चारचौघींना बोलवायचं नाही, गाणं नाही, वाजंत्री नाही. पोटातल्या जिवाला दृष्ट लागू नये म्हणून चोरून.

"तुझी आई?"

"ती मी लहान असतानाच गेली, तुला ठाऊक आहे की. इतकी आधी गेली की तिचं नाव कधीच घेऊन झालंय. माझं कुणी नाही इथं." मालन मांडीवरचं गाठोडं उघडते. हिरवा खण, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि खपली गहू. "सगळं घेऊन बसलेय. पण आपली ओटी आपल्याला भरता येत नाही."

त्या वेळीही तिची चोरओटी मीच भरली होती, मोरीवर, दोन्ही सासवा बाजाराला गेल्या असताना. नारळ मिळाला नाही म्हणून मी कांदा घातला. पोर टिकलं, आणि अजूनही कांदा चिरला की त्याच्या डोळ्यांत माया दाटून येते. म्हणजे ती त्याच्या आईला तरी वाटायची माया.

मी खण हातात घेते. पण भरत नाही. बाकाची ऊब पाठीत शिरली आहे.

"मालन," मी म्हणते, "मलाही दिवस गेलेत."

सगळा बाक माझ्याकडं वळतो.

"कधीपासून?" मालन विचारते.

"तू गेल्यापासून."

"मळमळ?"

"सारखी."

"वास?"

"फोडणीचा तर अजिबात नाही. कुणी शेजारी लसूण सोलला तरी मी खोली सोडते."

"जेवण?"

"अन्नावरची वासनाच उडाली. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात ठरलेला नाही."

"गेलेत हिला," नऊवारीवाली म्हणते. "तोंड बघा कसं उतरलंय." कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवतं. कुणीतरी तांब्या देतं. एक म्हणते, हिची पण उरकून टाका गं, म्हातारी आहे, किती वेळ बसेल. मी पाघळते. गोष्ट रंगात आली की मला लगाम राहत नाही.

"डोहाळेही लागलेत," मी म्हणते. "राख खावीशी वाटते. साधी चुलीतली नव्हे हां, पार त्या तिकडची, ओढ्याकाठची."

बायका माना डोलावतात. राखेचे डोहाळे म्हणजे पक्कंच.

मालन मान डोलवत नाही. ती अंगठा जिभेला लावते आणि माझी हनुवटी पुसते, पोराची पुसावी तशी. अंगठा उजेडात धरते.

"हे काय?"

"कुठं काय."

"पिठलं आहे." ती वास घेते. "लसूण घालून केलेलं. ठेचलेला." मग जीभ लावून बघते. "आणि खरवड काढून खाल्लीस."

"थोडीशी."

"भाकरी किती?"

"अर्धी," मी म्हणते. मालन बघत राहते. "आणि मग राहिलेली अर्धी."

"खोटं," मालन म्हणते.

बाकावर हशा पिकतो. पाठीवरचा हात निघून जातो. मला लाजायला हवं, पण मला इतकं बरं वाटतं की डोळ्यांत पाणी येतं. तिच्या मागं मी हरतऱ्हेच्या थापा मारल्या, दूधवाल्याला, डॉक्टरला, फोनवर लेकाला की मी मजेत आहे. सगळ्यांनी सगळं खरं धरलं. खोटं म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

"तुला दिवस गेलेले नाहीत, द्वारके," मालन हळू आवाजात म्हणते. "तू एकटी पडलीस. ते निराळं."

"निराळं कसं?"

"ह्याला तीन महिने असतात. त्याला नसतात. ते जेवूनखाऊनच काढावं लागतं."

"मग मला इथं बसू दे की. तू माझी ओटी भर, मी तुझी भरते. हे गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नाही, मालने. ताट आलं की मला बाजूला करतात. ओरडून नव्हे, अगदी मायेनं खांद्याला धरून. आता तर ताट दिसलं की मीच उठते."

बाक हलायला लागतो. आता तो बाक नाही, एसटीची मागची सीट आहे, गाडी उसातून चालली आहे आणि पानं दोन्ही खिडक्यांवर घासताहेत. पुढं दारात सिस्टर दोरी धरून उभी आहे.

"आधी माझी," मालन म्हणते आणि पदर पसरते.

मी तिला हळद लावते, कुंकू लावते. माझ्या हातचं कुंकू, माझ्यासारखीच्या. ती कपाळ पुढं करते, कुणी अडवत नाही. खण ठेवते. ओंजळीनं गहू घालते. गाडी आदळते, दाणे सांडतात, बायका वाकून गोळा करून देतात.

"नारळ?" मी विचारते.

"नाही मिळाला."

कांदाही नाही. मी इकडंतिकडं बघते आणि नारळाच्या जागी माझी मूठ ठेवते. मालन तिच्यावर पदर झाकते. पदराआड ती माझी मूठ दोन्ही हातांनी धरते आणि बराच वेळ धरून ठेवते. तिचे हात गार आहेत, पण खरखरीत, तेव्हाचेच.

मग मी माझा पदर पसरते.

भरल्या ओटीतलं थोडं भरणारीला परत द्यायचं असतं, तेवढी रीत तुम्हालाही ठाऊक असेल. मालन चिमटीनं काही दाणे उचलते, माझी मूठ उघडते, त्यात ठेवते आणि मूठ मिटवते.

"हे परतीचे," ती म्हणते.

"आणि माझी ओटी?"

"परतीचे दिलेत ना? मग परत जा."

"मालने, ऐक."

"भाकरी खातेस अजून पुरती एक," ती म्हणते. "तुला कोण घेईल इथं?"

दोरी ओढली जाते, घंटा वाजते. सिस्टर मालनचं नाव घेते, पुढं आईचं नाव लावून. मालन उठते. पदर दोन्ही हातांत, पाऊल असं टाकते की जमिनीलाही कळू नये. तशीच चालायची ती तेव्हा. मी वाट बघते की दाराशी एकदा तरी वळेल.

ती वळत नाही. अशा दिवसांत मागं वळून बघितलं तर पोर तिरळं होतं, असं तिला मीच सांगितलं होतं. ती थाप होती. एवढी एकच तिनं खरी धरली.

मी जागी होते. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. उजवा हात अंगाखाली दबून मुंग्या आल्यात, मूठ आवळलेली आहे आणि उघडत नाही. मी डाव्या हातानं एकेक बोट सोडवते.

आत खपली गहू आहे. लांबोडे, तांबूस दाणे, घामानं ओले, तळहातावर त्यांचे वण उठलेत. माझ्या घरात गहू नसतो. दुकानातून पिठाची पिशवी येते, तीही ज्वारीची.

एक दाणा मी दाढेखाली धरते. फुटत नाही, म्हणून गालात ठेवते. बाकीचे कुठं ठेवावेत ते सुचत नाही. वाटीत ठेवले तर वाटी शेल्फावर जाईल, देवापुढं ठेवले तर येणारंजाणारं कुणीतरी विचारेल. मी मूठ पुन्हा मिटते. एका हातानं कडी काढता येते, चहाही टाकता येतो. वेणी घालता येत नाही.

आज केस मोकळेच असू देत.