पाच किलोच्या वजनाखालचं रेअरबिट

बाइंडरकाकांनी उभ्या जन्मात शिजवली ती फक्त खळ. मैद्याची, चिमूटभर विषारी मोरचूद घातलेली, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. बेचाळीस वर्षं रोज सकाळी ते पुढच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून खळीचं पातेलं चढवत आणि आतल्या खोलीत काकू स्वयंपाक चढवत. दोघांची राज्यं वेगळी. काकूंच्या राज्यात काका फक्त जेवायला जात, तेही हाक आल्यावर.

मग माळ्यावरची बॅग काढताना काकू स्टुलावरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात सहा आठवड्यांसाठी प्लास्टरमध्ये गेला.

बातमी कळताच आक्का आल्या. आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण, मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त मेट्रन. दोनशे मुलींना त्यांनी वर्षानुवर्षं रांगेत जेवू घातलं होतं, आणि आवाज अजूनही दोनशे जणींना पुरेल एवढाच होता. चपला काढायच्या आधीच त्यांनी निकाल दिला.

"धाकटे, बॅग भर. सहा आठवडे माझ्याकडे."

"आणि हे?"

"ह्यांचं काय अडलंय? खळ खातील!"

प्रश्न जेवणाचा नव्हता, दूध-पावावर काकांनी दिवस काढले असते. पण काकू दिवसभर आतून बोलत असत. नळाशी, भांड्यांशी, मधूनच काकांशी. त्या आवाजाच्या तालावर काकांची सुई चालायची. मागे एकदा काकू दोन दिवस लग्नाला गेल्या, तर काकांनी एका वकिलाचं जाडजूड पुस्तक उलट्या पुठ्ठ्यात बांधून ठेवलं होतं. सहा आठवड्यांत काय काय उलटं झालं असतं! पण हे बोलून दाखवणं काकांच्या जिवावर आलं आणि ते भलतंच बोलून गेले.

"मी घालीन तिला जेवायला."

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे. आक्का मात्र खुर्ची ओढून बसल्या.

"ठीक आहे, बाइंडरसाहेब. रविवारी दुपारी बाराला मी जेवायला येते. बाहेरचं आणलेलं चालणार नाही. नीट झालं तर धाकटी इथं राहील. नाही झालं तर तिची बॅग मीच भरीन."

काकांची आणि पुस्तकांची ओळख पाठीच्या बाजूनं. आतलं ते कधी वाचत नसत, पानांचे आकडे तेवढे बघत. पण त्या आठवड्यात त्यांच्याकडे कुणा बाईंची पाककृतींची वही बांधायला आली होती. काकांनी ती पहिल्यांदा चष्मा लावून वाचली. बहुतेक कृतींची सुरुवात 'नेहमीप्रमाणे' अशी होती. ते नेहमीचं काय, हेच काकांना ठाऊक नव्हतं. एका पानावर मात्र सगळं पहिल्यापासून लिहिलेलं होतं: मेक्सिकन पद्धतीचं चीज रेअरबिट. लोण्यावर ढोबळी मिरची परतायची, मक्याचे दाणे, टोमॅटो आणि लाल तिखट घालायचं, त्यात किसलेलं चीज वितळवायचं, शेवटी फेटलेलं अंडं, आणि हे सगळं भाजलेल्या पावावर ओतायचं.

"एकावर दुसरं लावायचं," काका म्हणाले. "हे तर मी रोजच करतो."

"त्यात आणि ह्यात फरक आहे," काकू खुर्चीतून म्हणाल्या. "हे खायचं असतं."

गुरुवारी पहिला प्रयोग झाला. काकांनी गॅस मोठा केला, चीज टाकलं आणि वाट पाहिली. वर तेल तरंगलं, खाली रबरासारखा गोळा बसला. काकांनी तो चमच्यानं टोचला. चमचा उडून मागं आला.

"खोडरबर झालंय," काकू म्हणाल्या. "पुढच्या खोलीत ठेवा, उपयोगी पडेल."

शुक्रवारी सकाळी खळ ढवळताना काकांचा हात मध्येच थांबला. खळ कधी थेट आचेवर ठेवत नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं. मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यायचा, म्हणजे गुठळी होत नाही. आणि हात थांबवायचा नाही. जे मैद्याला कळतं ते चीजला का कळू नये? ते छोटं पातेलं उचलून तडक स्वयंपाकघरात निघाले.

"ते पातेलं उंबऱ्याच्या आत आणलंत तर याद राखा!" काकू ओरडल्या. "मोरचूद खाऊ घालताय का मला?"

पातेली मग काकूंचीच घेतली. एक चमचा मैदा गार दुधात कालवला, त्यात चीज थोडं थोडं सोडलं, आच बारीक. काका ढवळत राहिले. शेवटी त्यांनी लाकडी चमचा उंच धरला. पिवळी, जाड धार न तुटता खाली आली. अशी धार आली की खळ झाली, हे बेचाळीस वर्षांचं माप होतं. काकूंनी डाव्या हाताचं बोट बुडवून चाखलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि बोट पुन्हा बुडवलं.

रविवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना आक्का आल्या. बाहेर बसतील तर शपथ. काकांच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. वसतिगृहातल्या आचाऱ्यांच्या मागे त्या अशाच उभ्या राहत असणार. काकांची मान घामानं भिजली. चीज छान जमलं होतं, पाव तव्यावर खरपूस होत होते, आता फक्त ओतायचं बाकी होतं. पण आक्कांचा श्वास मानेवर आला आणि काकांचं डोकं बंद पडलं. मग हात आपल्या मनानं चालू लागले.

त्यांनी चीज पावाच्या मधोमध घातलं आणि मधून कडेकडे सपासप पसरलं. त्यावर दुसरा पाव ठेवला. चारी कडा बोटांनी जुळवल्या, कोपरे ठोकले. वर एक कोरा कागद घातला. मग वाकून स्वयंपाकघराचं दार आपोआप लागू नये म्हणून अडण ठेवलेलं पाच किलोचं लोखंडी वजन उचललं आणि त्या कागदावर ठेवून दिलं.

आणि वळून, गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं, "आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

आक्कांनी घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या सकाळपर्यंत?"

खुर्चीत काकू प्लास्टर पोटाशी धरून हसत होत्या. हसताना हात दुखत होता, त्यामुळे 'आई गं' आणि 'हा हा' आळीपाळीनं चाललं होतं. तेवढ्यात तव्यावर चर्रर्र झालं. वजनाखालून चीज चारी बाजूंनी बाहेर आलं होतं, त्याची तव्यावर तपकिरी, जाळीदार किनार धरत होती. काकांनी गॅस बंद केला, वजन उतरवलं, कागद सोलून काढला. पाव पुठ्ठ्यासारखा चपटा झाला होता. कडा वेड्यावाकड्या. वेडीवाकडी कड काकांना आजवर कधी बघवली नव्हती. त्यांनी सुरी घेतली आणि तीन बाजू सरळ रेषेत कापून काढल्या. चौथी बाजू, पुस्तकाची पाठ असते ती, तशीच ठेवली.

बशीत ते चपटं पुस्तक ठेवून काका मान खाली घालून उभे राहिले. मनातल्या मनात ते बॅग भरत होते.

मागून कुरकुर असा आवाज आला. आक्का ओट्यावर पडलेले कातरणाचे तुकडे उचलून खात होत्या. उभ्यानं! उभ्यानं खाणाऱ्या मुलींना ज्यांनी जन्मभर ताटावरून उठवलं, त्या आक्का उभ्या उभ्या एक तुकडा संपवून दुसरा शोधत होत्या.

"ह्याला काय म्हणतात?"

"रेअरबिट. म्हणजे, व्हायला हवं होतं."

"पुस्तक तुम्ही खा. ही कातरण अजून आहे का?"

काकांनी आणखी तीन पुस्तकं बांधली. आक्कांनी तिन्हींची कातरण संपवली, काकूंनी पुस्तकं. हात धुताना आक्का म्हणाल्या, "धाकटी राहू दे इथंच. मी बघायला येत जाईन. दर रविवारी. आणि बाइंडरसाहेब, कड जरा जाड कापत चला, इतकी चिक्कूगिरी बरी नाही."

दार लागलं. काका हाश्श करून स्टुलावर बसले. दर रविवारी, हे त्यांना आत्ता कुठे नीट ऐकू आलं.

"मी काही जाणार नव्हते हं," काकू सहज म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच ठरवलं होतं."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या खोलीतच बसला असतात, खळ ढवळत."

काकांनी उठून वजन विसळलं, पुसलं आणि ते दाराशी ठेवायला वाकले. थोडं थांबून त्यांनी ते ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं.

दार आपोआप लागत राहिलं. काकू आतून त्याच्याशी बोलू लागल्या.