बिनफळाची टेंभुर्णी

आमच्या मामेसासऱ्यांइतका चिवटपणे वाट पाहणारा माणूस भोर-वेल्हे तालुक्यांत दुसरा सापडणार नाही. एसटी चुकली तर कापूरहोळच्या फाट्यावर दोन-दोन तास बसतील, पण टेम्पोला हात करणार नाहीत. "वेळापत्रकात गाडी आहे ना? मग येईल!" कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मार्गासनीच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात टेंभुर्णी लावली. कलमी आंबा कोणीही लावतो, मग पोरांनी आणि पाखरांनी टेंभुर्णं कुठं खायची, हा त्यांचा सवाल. उन्हाळ्यात ते भोरहून पाण्याचा कॅन घेऊन एसटीत चढायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, मार्गासनीत पानी मिळत न्हाई व्हय?" मामा म्हणाले, "मिळतं, पण ते माणसांना पुरू दे." आम्ही भेटायला गेलो की चहाच्या आधी मार्गासनीला जाऊन झाड बघावं लागे.

नऊ-दहा वर्षांनी झाड फुललं. मामांनी नातेवाइकांना टेंभुर्णं कबूल करून टाकली आणि फुलं गळून गेली. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी वरच्या धनगरवाड्यातल्या एक आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या. त्यांनी गळलेलं फूल चिमटीत धरून पाहिलं आणि निकाल दिला, "आवो, ह्यो नर हाय. ह्येला फळ न्हाई यायचं."

घरात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसलो. मामांचा मुलगा म्हणाला, "अण्णा, तोडा आणि आंबा लावा. सत्तरी उलटली, आता किती थांबणार?" मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाण्याचा कॅन भरताना एवढंच म्हणाले, "फुलांवर मधमाश्या येतात. त्यांचं काही अडलेलं नाही."

यंदाच्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर शेतावर होतो. त्याच आजी आल्या, पदरात पिवळीधमक टेंभुर्णं घेऊन. "आमच्या वाड्याच्या वर येक म्हातारी मादी हाय, येकलीच. माज्या लग्नापास्नं नुसती फुलायची. तुमचं झाड फुलाय लागलं तवापास्नं लई धरतीया. बुलबुल तर हालत न्हाईत तितनं. ह्ये तुमच्याच झाडाचं हाय, खावा."

"पोरांना पुरतात ना?" मामांनी आधी विचारलं.

"पुरत्यात म्हंजी? खाली उतराय तयार न्हाईत!"

मग मामांनी एक टेंभुर्ण तोंडात टाकलं आणि बराच वेळ बी चघळत झाडाकडे बघत राहिले. दुसरं माझ्या हातावर ठेवलं. गोड होतं. बी खिशात टाकून मी पाण्याचा कॅन उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी ओतला.